चिठ्ठी क्रमांक तीनशे बारा

संस्थेत एक दिवस दांडी मारायची तरी चिठ्ठी लिहावी लागायची. पगारी माणसानं लिहायची हे ठीकच आहे. पण फुकट येणाऱ्यांनीही लिहायची! आपल्या खुशीनं, पदरचं तिकीट काढून कामाला येणाऱ्याला कसली आलीय रजा, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. पण ही पद्धत ज्यांनी पाडली ते स्वतःच फुकट येणाऱ्यांतले होते, आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

त्यांना सगळे फोरमन म्हणायचे. छत्तीस वर्षं कारखान्यात काढली, शेवटची वीस फोरमन म्हणून. मग निवृत्त झाले आणि घरी बसले, म्हणजे नावाला बसले. पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, चमच्यांची यादी करून भिंतीवर चिकटवली आणि दोन मिनिटं उशीर झाला म्हणून दूधवाल्याला फैलावर घेतलं. शेवटी त्यांच्या बायकोनं सुनेपुढे अक्षरशः हात जोडले. "तुझ्या त्या संस्थेत यांना काहीतरी काम दे गं बाई. नाहीतर मला वेड लागेल."

सून त्या संस्थेची व्यवस्थापक होती. संस्था म्हणजे काय, तर एक लांबलचक शेड आणि पुढच्या बाजूला ऑफिसची एक खोली. लोकांनी वापरून दिलेल्या चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या गोळा करायच्या, दुरुस्त करायच्या आणि ज्यांना लागतील त्यांना द्यायच्या. त्यांची गरज संपली की परत आणायच्या. पगारी माणसं चार आणि स्वयंसेवक अकरा. सुनेनं सासऱ्यांना खिडकीजवळच्या बाकावर चाकांच्या कामाला बसवलं आणि आठ दिवसांत शेडची कळाच बदलली. प्रत्येक पान्याची जागा ठरली, कोण कुठल्या दिवशी किती वाजता येणार याचा तक्ता लागला, आणि ते चिठ्ठीबुक आलं. प्रत्येक पानाला छापील नंबर, खाली कार्बन. नाव, तारीख, कारण आणि शेवटी व्यवस्थापकानं लिहायचं मंजूर किंवा नामंजूर. वरची चिठ्ठी ज्याची त्याला परत, कार्बनची प्रत बुकात.

"अहो बाबा, ही माणसं मनानं येतात. यांना कसली रजा?" सून म्हणाली होती.

"मनानं येतात म्हणूनच," फोरमन म्हणाले. "न विचारता जाता येतं, तिथं माणसाला वाटतं, आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आणि हे बघा, इथं मला बाबा म्हणायचं नाही, मॅडम."

तेव्हापासून शेडमध्ये ती मॅडम आणि ते फोरमन. घराच्या दारात चपला काढल्या की ती सूनबाई आणि ते बाबा. सुरुवातीला लोक हसले. पण हळूहळू ती चिठ्ठी सगळ्यांना आवडायला लागली, हे कबूल करायला हवं. खुर्च्यांच्या बैठका शिवणाऱ्या शिवणकाकू तर मंजूर झालेल्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायच्या. "जन्मभर घरात राबले," त्या म्हणायच्या, "पण मला रजा मंजूर आहे असं लेखी कुणी दिलं नव्हतं. साठी उलटल्यावर मिळालं."

आठ वर्षं असं छान चाललं होतं. मग नवा कायदा आला.

कायदा वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. ठिकठिकाणी सेवेच्या नावाखाली माणसांना दिवसदिवस राबवायचं, आणि पगाराचं नाव काढलं की तुम्ही तर स्वयंसेवक म्हणून कानावर हात ठेवायचे, असे प्रकार झाले होते. धर्मादाय संस्था असो, समाजाच्या भल्यासाठी काढलेली कंपनी असो की साधा धंदा, सगळ्यांना आता एकच माप लागणार होतं. पहिल्या तारखेपासून प्रत्येक संस्थेनं आपल्याकडे येणाऱ्या माणसांची यादी सरकारकडे द्यायची, कर्मचारी कोण आणि स्वयंसेवक कोण ते लिहून. ती यादी करायला संस्थेच्या अध्यक्षांनी एक वकीलबाई नेमल्या. त्या सोमवारी सकाळी आल्या, चहाला नको म्हणाल्या आणि मॅडमच्या टेबलासमोर बसल्या.

"कायद्याचा प्रश्न एकच आहे," वकीलबाई म्हणाल्या. "उद्या यायचं की नाही, हे कोण ठरवतं? येणारा ठरवत असेल तर तो स्वयंसेवक. संस्था ठरवत असेल तर तो कर्मचारी. मग तुम्ही त्याला काही देत असा किंवा नसा."

"आमच्याकडे सगळे आपणहून येतात," मॅडम म्हणाली.

"मग हे काय आहे?" वकीलबाईंनी चिठ्ठीबुकावर बोट ठेवलं.

मॅडमनं सगळी हकिकत सांगितली. वकीलबाई पानं उलटत ऐकत होत्या. मंजूर, मंजूर, मंजूर. मध्येच त्यांना हसू आलं. कुणीतरी कारणात 'कंटाळा' असं लिहिलं होतं आणि तीही मंजूर झाली होती.

"ठीक आहे. ही एक रीत आहे, कळवायची पद्धत आहे, असं म्हणता येईल. कधी कुणाची नामंजूर केलीय?"

मॅडमनं बुक मिटून आपल्याकडे ओढलं. "बघावं लागेल," ती म्हणाली.

"बघा. एक जरी निघाली तरी सगळं पालटतं. कारण स्वयंसेवकाला नाही म्हणायचा संस्थेला अधिकारच नसतो. नाही म्हटलं आणि त्यानं ते ऐकलं, म्हणजे तो कर्मचारी. आणि कर्मचारी म्हटला की पुढचं कलम आलं. व्यवस्थापकाचा जवळचा नातेवाईक कर्मचारी असता कामा नये." त्यांनी खिडकीतून शेडकडे बघितलं. "ते खिडकीजवळचे गृहस्थ तुमचे सासरे ना?"

"हो."

"ते कर्मचारी ठरले तर तुमच्या दोघांपैकी एकालाच इथं राहता येईल. मी गुरुवारी येते, सगळी बुकं वाचते आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांच्याशी बोलते. खोटी यादी गेली तर संस्थेची नोंदणी जाईल, तेव्हा लपवाछपवी नको."

वकीलबाई गेल्या आणि मॅडम तशीच बसून राहिली. बघावं कशाला लागत होतं? पाचवं बुक, चिठ्ठी क्रमांक तीनशे बारा. तारीख, वार, शाईचा रंग, सगळं तिला तोंडपाठ होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रुग्णालयाला त्या संध्याकाळी चाळीस खुर्च्या द्यायच्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांची चाकं डुगडुगत होती. मॅडम सकाळी सातलाच घरातून निघाली, तेव्हा सासूबाई उठल्याही नव्हत्या. नऊ वाजता फोरमन आले. त्यांनी चिठ्ठी लिहून मॅडमच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली आणि समोर उभे राहिले. एक दिवसाची रजा, त्याच दिवसाची. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, घरगुती. मॅडमच्या कानाला फोन होता, पलीकडून रुग्णालयाचा माणूस बोलत होता. तिनं मान वर न करता लाल पेननं लिहिलं, नामंजूर. आणि खाली, चाळीस खुर्च्या! उद्गारचिन्हासकट.

"बरं," फोरमन म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

दुपारी तीनला शेजारणीचा फोन आला. सासूबाईंना सकाळपासून गरगरत होतं. न्हाणीघरात गेल्या आणि पडल्या, किती वेळ पडून होत्या कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. आठेक दिवसांनी जेवताना मॅडमचा नवरा म्हणाला, "बाबा, नेमके तुम्ही त्या दिवशी घरी असता तर." बाबा खाली मान घालून जेवत राहिले. सूनबाई पाणी आणायला उठली. चिठ्ठीचं नाव दोघांनीही काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे तीन वर्षांतही नाही.

तिनं मनातल्या मनात हजारदा स्वतःला फैलावर घेतलं होतं. एकदा मान वर केली असतीस तर काय बिघडलं असतं? पण त्याचबरोबर, खरं सांगायचं तर, तिला सासऱ्यांचा रागही यायचा. अहो, घरगुती म्हणजे काय? तिला बरं नाही, एवढं लिहायला किती शाई लागते? तोंडानं सांगायला काय झालं होतं? असा राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची.

मंगळवारी मॅडमच्या पायाला जणू भिंगरी लागली. ऑफिसातून शेडमध्ये, शेडमधून फाटकापर्यंत, तिथून परत ऑफिसात. कपाट उघडायचं, पाचवं बुक आहे ना बघायचं, कपाट लावायचं. किल्ली पर्समध्ये ठेवायची, मग ती पर्समध्ये आहे ना ते बघायचं. कुबड्यांचे रबर मागवायचे तर तिनं वॉकरचे मागवले. कुणी काही विचारलं की आधी "काय?" म्हणायची आणि मग उत्तर ऐकल्यासारखं दोनदा मान हलवायची.

"मॅडमच्या मागं काय लागलंय?" शिवणकाकूंनी फोरमनना विचारलं.

"कायदा," फोरमन म्हणाले आणि चाक फिरवून त्याचा हेलकावा बघत बसले.

त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. अध्यक्षांनीच सांगितलं होतं, एकतर तुम्ही नाहीतर सूनबाई, अशी वेळ येऊ शकते म्हणून. दुपारी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पुसायचं फडकं होतं.

"मॅडम, वेळ आलीच तर मी जाईन. त्यात वाद नको. तुमची नोकरी आहे, माझी हौस आहे."

"अजून काही ठरलं नाही, फोरमन."

"नाही ठरलं तर उत्तमच. पण मी आपलं आधी सांगून ठेवलं. मला काय, घरी डबे आहेत की. परत उंचीप्रमाणे लावीन."

ते हसले. मॅडमला हसू आलं नाही. डबे लावले तर आता ओरडणार कोण होतं? तिला ते घर डोळ्यांसमोर दिसलं, सकाळी दहाचं. नवरा कामावर, ती कामावर, आणि हा माणूस एकटाच सोफ्यावर ताठ बसलेला, घड्याळाकडे तोंड करून. बायको गेल्यावर चौथ्याच दिवशी ते शेडमध्ये हजर झाले होते. लोकांना वाटलं काय दगडाचं काळीज आहे. पण मॅडमला दिसत होतं की हा माणूस या बाकाच्या आधारानं उभा आहे. तो बाक काढून घेतला की संपलं.

बरं, मग तिनं सोडावं? ते तरी कसं? चौदा वर्षं घालून तिनं ही शेड उभी केली होती. आणि सोडताना सगळ्यांना कारण कळणार, नवऱ्यालाही. बाबा त्या दिवशी घरी का नव्हते? मी जाऊ दिलं नाही म्हणून. हे वाक्य ती मनात जुळवून बघायची आणि दुसऱ्या शब्दापुढे तिचं डोकं जायचंच नाही.

बुधवारी संध्याकाळी जेवताना नवरा वैतागला. "अगं, बस ना एका जागी! चार वेळा उठलीस. मीठ आहे, पाणी आहे, सगळं आहे."

"बसतेय की."

"काय झालंय तुला? कुणी काही बोललं का तिकडे?"

सूनबाईनं सासऱ्यांकडे बघितलं. बाबा ताटातला शेवटचा घास मन लावून गोळा करत होते. "नाही," ती म्हणाली. "कामाचं जरा टेन्शन आहे."

खरं म्हणजे दुपारीच तिनं ते करून टाकलं होतं. सगळे चहाला शेडबाहेर गेले होते. तिनं कपाट उघडलं, पाचवं बुक काढलं, आणि फार विचार करायच्या आत कार्बनची ती प्रत शिवणीपासून फाडली. टर्र असा आवाज झाला. केवढा मोठा आवाज वाटला तो! बाहेर कुणीतरी हसलं तर तिचं धाबं दणाणलं. घडी करून तिनं कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात कोंबला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्याच ऑफिसात चोरासारखं वाटलं. चौदा वर्षांत तिनं संस्थेची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती.

आणि एवढं करूनही तिच्या डोक्यात आलं नाही की पानांवर नंबर छापलेले आहेत. म्हणजे माहीत होतं हो, आठ वर्षं रोज बघत होती. पण घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. ते नंबर तिला थेट गुरुवारी सकाळी बसमध्ये आठवले.

गुरुवारी वकीलबाई दहाला आल्या. ऑफिसात त्या, मॅडम, आणि बोलावल्यावर एकेक जण. आधी शिवणकाकू आल्या, बिस्किटांचा डबा घेऊनच.

"तुम्ही कधी न विचारता गैरहजर राहिलात का?" वकीलबाईंनी विचारलं.

"एकदा. मुलीकडे गेले होते आठ दिवस, अचानक निघावं लागलं. परत आल्यावर चिठ्ठी लिहिली, मागची तारीख घालून. मंजूर झाली की!" काकूंनी डब्यातून ती काढून दाखवली.

"आणि नामंजूर झाली असती तर?"

"झाली असती तर झाली असती. आठ दिवस तर मी राहून आले होते ना." काकू मनापासून हसल्या. वकीलबाईही हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग फोरमन आले. खुर्चीत बसले नाहीत, टेबलाच्या बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. वकीलबाई पाचवं बुक चाळत होत्या. मॅडम त्यांच्या बोटांकडे बघत होती. तीनशे नऊ. तीनशे दहा. तीनशे अकरा. बोट थांबलं, मागं गेलं, परत पुढे आलं.

"तीनशे बारा कुठे आहे?"

मॅडमनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"माझ्याकडे आहे," फोरमन म्हणाले. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातल्या कापडाखालून एक घडी काढली आणि टेबलावर उलगडून ठेवली. वरची, शाईची चिठ्ठी. लाल अक्षरं अजून तशीच होती. नामंजूर. चाळीस खुर्च्या!

तीन वर्षं ही चिठ्ठी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर उघडमीट होत होती, हे मॅडमला त्या क्षणी कळलं, आणि आता लपवण्यासारखं काहीच राहिलं नाही हेही कळलं. तिनं पर्स उघडली. कार्बनची प्रत काढून त्या चिठ्ठीशेजारी ठेवली.

"ही मी काल फाडली," ती म्हणाली. "चूक झाली. त्या दिवशी सासूबाई पडल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या. मी यांना जाऊ दिलं नव्हतं."

बोलली एकदाची. वकीलबाईंनी दोन्ही कागद वाचले, मग दोघांकडे बघितलं.

"चिकटपट्टी आहे का इथं?" त्यांनी विचारलं.

होती. वकीलबाईंनी स्वतः ते पान बुकात जागच्या जागी चिकटवलं, वरून बोट फिरवलं आणि कडेला तारीख घालून सही केली. "फाडलं होतं आणि परत लावलं, हे मी लिहिणार आहे. आता फोरमन, तुम्हाला एकच विचारते. नीट विचार करून सांगा. तुमच्या उत्तरावर बरंच आहे. मॅडमनी नामंजूर लिहिलं. तरीही तुम्हाला त्या दिवशी घरी जाता आलं असतं का?"

मॅडमला तो प्रश्न एकदम लख्ख दिसला. नाही म्हणाले तर ते कर्मचारी, त्यांचा बाक गेला, आणि दोष कायमचा तिच्या माथी. हो म्हणाले तर बाक राहिला. पण मग बायकोला एकटं टाकून ते आपल्या मर्जीनं इथं बसले होते, असं तेच आपल्या तोंडानं म्हणणार. या दोन्हींतलं काय व्हावं, हे तिला देवाशपथ कळेना.

"बसा ना," वकीलबाई म्हणाल्या.

फोरमन बसले. त्या ऑफिसात ते पहिल्यांदाच बसत होते.

"जाता आलं असतं," ते म्हणाले. "मॅडम काय करणार होत्या? फार तर रात्री कमी वाढलं असतं." ते हसायला गेले, पण हसणं जमलं नाही. त्यांनी चिठ्ठी आपल्याकडे ओढली. "हे बघा, इथं मी घरगुती लिहिलंय. घरगुती म्हणजे काय? काहीच नाही. इतकी वर्षं मी हजारो चिठ्ठ्या बघितल्यात, बाई. ज्याला रजा हवी असते तो कारण सविस्तर लिहितो. पानभर लिहितो. एक शब्द लिहिणाऱ्याला ती नको असते."

"म्हणजे?"

"ती सकाळी दोनदा म्हणाली, आज राहा हो घरी, मला बरं वाटत नाही. तिनं कधी म्हटलं नव्हतं असं. उलट मला घराबाहेर काढायला हात जोडले होते तिनं. मी म्हणालो, रजा मागून बघतो. आजारी माणसाजवळ नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, ते मला येत नाही. पाना नाही, स्क्रू नाही, काय आवळायचं? मला भीती वाटली." त्यांनी चष्म्याचं घर मिटलं. "मग मी इथं आलो आणि मॅडमचा फोन चालू असताना चिठ्ठी ठेवली. फोन संपेपर्यंत थांबता आलं असतं. तिला बरं नाही, एवढं लिहिलं असतं तर मंजूर झाली असती. ते मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच लिहिलं नाही. मला ही नामंजूर हवी होती. घरी जाऊन दाखवणार होतो तिला, बघ, मी मागितली होती म्हणून."

शेडमध्ये शिवणकाकूंचं मशीन थोडा वेळ चाललं आणि थांबलं.

"आणि या पोरीला तीन वर्षं वाटू दिलं की हिनं अडवलं. मला दिसत होतं, हिला काय वाटतं ते. रोज चष्मा काढताना ठरवायचो, आज सांगू. नाही सांगितलं. मी भित्रा माणूस आहे, बाई. हे लिहून घ्या हवं तर."

"बाबा," मॅडम म्हणाली. शेडमध्ये बाबा म्हणायचं नाही, हे तिच्या लक्षातही राहिलं नाही. तिला रडू फुटलं, आणि नेमकं त्याच वेळी रागही आला, तीन वर्षांचा, सगळा एकदम. "एक शब्द बोलायचात ना हो! एकच!"

"हो," फोरमन म्हणाले. "चुकलंच."

वकीलबाईंनी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. भित्रा हा शब्द त्यांनी गाळला होता. मग म्हणाल्या, "जे आहे ते सगळं मी लिहून देते. स्वयंसेवक. माझ्या मते हे टिकेल. पण उद्यापासून तो तक्ता बंद आणि स्वयंसेवकांची चिठ्ठी बंद. ज्याला यायचं त्यानं यायचं, नाही त्यानं नाही. फार तर कळवा. विचारायचं नाही कुणी कुणाला."

चिठ्ठी बंद म्हटल्यावर शिवणकाकूंनी डबा छातीशी धरला आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. संध्याकाळी फाटकापाशी फोरमन मॅडमसाठी थांबले. असे ते कधी थांबत नसत. बसमध्ये शेजारी बसले, पण बोलले एवढंच, "तुझ्या नवऱ्याला मी सांगेन. तू नको सांगूस."

शुक्रवारी सकाळी मॅडम नेहमीसारखी आधी निघाली. सव्वानऊ वाजले तरी खिडकीजवळचा बाक रिकामाच. साडेनऊ झाले. ती दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. ट्रे बघितला, तो रिकामा असणारच होता, तरी बघितला. मग फोन वाजला.

"सूनबाई, मी आज येत नाही." पलीकडे घरातली शांतता ऐकू येत होती. "विचारत नाहीये. सांगतोय."

"बरं, बाबा."

"त्यालाही थांबवून घेतलंय. तिच्या खोलीत बसलोय आम्ही. अजून सांगितलं नाही. सांगतो आता." ते थोडं थांबले. "जमेल ना मला?"

"जमेल," ती म्हणाली. "मी येते. मी येईपर्यंत थांबा."

फोन ठेवल्यावर तिनं चिठ्ठीबुक पुढे ओढलं. स्वयंसेवकांची चिठ्ठी बंद झाली होती, पण ती कर्मचारी होती, तिला कायद्यानं लिहिणं भाग होतं. आठ वर्षांत तिनं स्वतःसाठी कधी लिहिलीच नव्हती. नाव लिहिलं, तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहायला लागली ती रकाना संपला तरी थांबली नाही, खालच्या रेघेवर गेली, मग कडेच्या समासात. सासूबाईंना त्या दिवशी सकाळपासून गरगरत होतं, इथपासून सगळं लिहिलं. मंजुरीसाठी ती चिठ्ठी अध्यक्षांच्या ट्रेमध्ये ठेवली, पर्स उचलली आणि मंजूर होते की नाही याची वाट न बघता ती घरी निघाली.